शब्बाथ पाळणारे कैदी

योसेफ मेंडेलेविच रीगा शहरातले. घर कम्युनिस्ट विचारांचं, शिक्षण सोव्हिएत शाळेत. १९७० साली अटक झाली तेव्हा त्यांचं वय २२ होतं. अपिलानंतर १२ वर्षांवर आलेली शिक्षा घेऊन ते सक्तमजुरीच्या छावणीत गेले, आणि तिथे त्यांनी ठरवलं की शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथला, काम करायचं नाही. शुक्रवारचा सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, निषिद्ध अन्न खायचं नाही, डोक्यावर कापडाच्या तुकड्यांची शिवलेली किप्पा ठेवायची. छावणीत कामाला नकार देणं हा मोठा गुन्हा. त्यांना शिक्षेच्या कोठडीत टाकलं, सवलती काढून घेतल्या, आणि १९७७ साली पुन्हा न्यायालयापुढे उभं करून तीन वर्षांसाठी व्लादिमिरच्या तुरुंगात पाठवलं. शनिवार मात्र त्यांनी सोडला नाही.

हे पुस्तक सोव्हिएत युनियनमधल्या अशा ज्यू कार्यकर्त्यांबद्दल आहे. १९६७ ते १९८९ या काळात देश सोडून जाण्याचा, आपली भाषा शिकण्याचा आणि आपला धर्म पाळण्याचा हक्क त्यांनी मागितला आणि त्यासाठी नोकरी, घर, शिक्षण, कित्येकदा स्वातंत्र्यही गमावलं. बाहेरच्या जगात त्यांना ‘रिफ्यूजनिक’ म्हणत, म्हणजे परवानगी नाकारलेले. त्यांच्या लढ्याची राजकीय बाजू अनेकांनी लिहिली आहे: शीतयुद्ध, अमेरिकेचे कायदे, शिखर परिषदा. मला या प्रस्तावनेत धर्माबद्दल बोलायचं आहे, कारण तिथेच मला या चळवळीचं खरं नवल वाटतं. यातली बहुतेक माणसं श्रद्धावान घरांतून आली नव्हती. आजोबांच्या पिढीने क्रांतीवर विश्वास ठेवलेला, आईवडिलांनी भीतीपोटी घरातली प्रार्थनेची पुस्तकं नाहीशी केलेली, आणि मुलं गणित, पदार्थविज्ञान, रेडिओ तंत्रज्ञान शिकलेली. श्रद्धा वारशाने आली आणि मग ती जपण्यासाठी ते लढले, असं घडलं नाही. आधी त्यांनी एखादी कृती धरली. एखादा शनिवार, हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरं, वल्हांडणाच्या रात्रीची बेखमीर भाकर. ती कृती सोडायला सरकारने सांगितलं, त्यांनी सोडली नाही, आणि न सोडण्यातून अनेकांची श्रद्धा घडत गेली.

हे समजायला त्या राज्याने धर्माचं काय केलं होतं ते थोडं पाहावं लागेल. १९१८ साली कम्युनिस्ट पक्षात ज्यू विभाग स्थापन झाला. ज्यूंच्याच हातांनी ज्यू धर्म मोडून काढायचा, हे त्याचं काम. मुलांना तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, शिकवणाऱ्या शाळा बंद झाल्या, सिनेगॉगांचे क्लब आणि गोदामं झाली. यिद्दिश ही कष्टकऱ्यांची बोली म्हणून चालवून घेतली गेली. हिब्रू मात्र धर्माची आणि झायनवादाची भाषा ठरवून शिक्षणातून काढून टाकली. १९२९ च्या कायद्याने प्रार्थनेपलीकडचं सगळं धार्मिक काम बेकायदा केलं. प्रार्थनेसाठीसुद्धा वीस प्रौढ नागरिकांनी आपली नावं सरकारदरबारी नोंदवून मंडळ स्थापायचं. म्हणजे कोण श्रद्धावान आहे ही यादी पोलिसांकडे आपोआप तयार. लहान मुलांना धर्म शिकवणं गुन्हा. १९३६ च्या राज्यघटनेत उपासनेचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं आणि त्याच कलमात धर्मविरोधी प्रचाराचंही. धर्माच्या बाजूने प्रचार करण्याचं स्वातंत्र्य त्यात नव्हतं.

त्या पहिल्या काळातही काही जण मागे हटले नाहीत. ल्युबाविच पंथाचे सहावे रब्बी योसेफ यित्झहाक श्नेयरसोन यांनी देशभर गुप्त शाळांचं जाळं चालवलं. १९२७ च्या जूनमध्ये त्यांना लेनिनग्राडमध्ये पकडलं, आणि परदेशातून दबाव आल्यावर त्याच वर्षी देशाबाहेर जाऊ दिलं. युक्रेनमधल्या एका मोठ्या औद्योगिक शहराचे प्रमुख रब्बी लेवी यित्झहाक श्नेयरसोन यांना १९३९ मध्ये पकडून कझाखस्तानात हद्दपार केलं. तिथे लिहायला शाई नव्हती. त्यांची पत्नी खाना यांनी रानातल्या वनस्पती गोळा करून शाई बनवली आणि रब्बी त्या शाईने ग्रंथांच्या कडेला टिपणं लिहीत राहिले. १९४४ मध्ये ते अल्मा-आता इथे वारले. ती टिपणं पुढे छापली गेली. 

युद्धानंतर परिस्थिती आणखी बिघडली. १९४८ च्या जानेवारीत यिद्दिश रंगभूमीचे थोर नट सोलोमन मिखोएल्स यांना मिन्स्कमध्ये मारून अपघाताचा देखावा केला गेला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इस्राएलच्या पहिल्या राजदूत गोल्डा मेयर मॉस्कोच्या मुख्य सिनेगॉगमध्ये गेल्या तेव्हा रस्ता माणसांनी भरून गेला. तीस वर्षांच्या दडपणानंतर इतकी माणसं कुठून आली, हा प्रश्न सरकारला पडला असणारच. १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री १३ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यात यिद्दिशचे नामवंत कवी-लेखक होते. १९५३ च्या जानेवारीत ज्यू डॉक्टरांवर नेत्यांच्या हत्येचा कट रचल्याचा आरोप ठेवला. मार्चमध्ये स्टालिन मेला म्हणून ते डॉक्टर वाचले. पुढे ख्रुश्चोवच्या काळात रक्तपात थांबला, पण सिनेगॉग बंद होत राहिले आणि कित्येक शहरांत वल्हांडणाची बेखमीर भाकर भाजण्यावरही बंदी आली.

१९७० च्या जनगणनेत सोव्हिएत ज्यूंची संख्या सुमारे साडेएकवीस लाख होती. पासपोर्टच्या पाचव्या रकान्यात ‘ज्यू’ ही नोंद असे. विद्यापीठाचा प्रवेश किंवा बढती अडवायला तेवढी नोंद पुरेशी होती; त्या नोंदीचा अर्थ समजून घ्यायला मात्र एकही शाळा नव्हती. ज्यू म्हणून वगळलं जायचं आणि ज्यू म्हणून काही जाणायचं नाही, अशा कोंडीत एक पिढी वाढली. १९६७ च्या जूनमधल्या सहा दिवसांच्या युद्धाने ही कोंडी फोडली. सोव्हिएत वृत्तपत्रांनी इस्राएलविरुद्ध इतका विखार ओकला की ज्यांना आपण फक्त सोव्हिएत नागरिक आहोत असं वाटत होतं, त्यांनाही आपल्याबद्दलच हे लिहिलंय हे कळलं. रीगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात १९४१ मध्ये नाझींनी सुमारे २५ हजार ज्यूंना मारून पुरलं होतं. साठच्या दशकात तिथल्या तरुणांनी फावडी घेऊन त्या थडग्यांची जागा साफ करायला सुरुवात केली. मेंडेलेविच त्यांच्यात होते. मेलेल्यांची जागा नीट करावी इतकीच त्यामागची इच्छा. त्यांचं धर्मशिक्षण तिथेच सुरू झालं.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियातल्या १८ ज्यू कुटुंबांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहिलं आणि इस्राएलला जाऊ देण्याची मागणी केली. जॉर्जियातले ज्यू धर्म सोडून कधीच गेले नव्हते, त्यांच्या पत्रात विनवणी कमी आणि हक्काची भाषा जास्त होती. आपली नावं-पत्ते उघड लिहून त्यांनी ते पाठवलं. माझ्या मते या चळवळीचा आरंभ मॉस्कोच्या शास्त्रज्ञांपाशी न शोधता या पत्रापाशी शोधायला हवा.

मग आलं लेनिनग्राडचं प्रकरण. देश सोडू पाहणाऱ्या एका गटाची योजना अशी: लेनिनग्राडहून प्रिओझेर्स्कला जाणाऱ्या बारा आसनी छोट्या विमानाची सगळी तिकिटं लग्नाला जायचं म्हणून काढायची, वाटेत वैमानिकांना जमिनीवर सोडायचं आणि विमान स्वीडनला न्यायचं. मार्क दिमशित्स पूर्वी हवाई दलात वैमानिक होते, ते विमान चालवणार. १५ जून १९७० ला विमानात चढण्याआधीच ते पकडले गेले; मेंडेलेविचही त्यांत होते. ही योजना बेकायदा होती आणि धोक्याची होती, याबद्दल दुमत नको. पण हेही खरं की तिच्यातल्या लोकांना आपण पकडले जाण्याची शक्यता दिसत होती, आणि तसं झालं तर जगाने वाचावं म्हणून त्यांनी एक निवेदन मागे लिहून ठेवलं होतं. २४ डिसेंबरला दिमशित्स आणि एदुआर्द कुझ्नेत्सोव यांना मृत्युदंड ठोठावला गेला. जगभर निदर्शनं झाली. स्पेनमध्ये फ्रँकोने त्याच आठवड्यात बास्क कैद्यांची फाशी रद्द केली, आणि एका हुकूमशहाने दाखवलेली दया आपण दाखवली नाही असं दिसणं मॉस्कोला परवडणारं नव्हतं. ३१ डिसेंबरला दोघांची शिक्षा १५ वर्षांवर आणली. १९७० मध्ये जेमतेम हजार ज्यूंना देश सोडता आला होता, १९७१ मध्ये ती संख्या सुमारे १३ हजारांवर गेली.

बाहेर जाण्याची परवानगी मागण्याची पद्धत समजून घेतली नाही तर पुढच्या प्रकरणांतल्या माणसांचा धीर कळणार नाही. परदेशगमनाचे अर्ज घेणाऱ्या कार्यालयाचं नाव ओविर. अर्जाला इस्राएलमधल्या नातेवाइकाचं निमंत्रण हवं. ते टपालात गहाळ होई. कामाच्या ठिकाणचं प्रमाणपत्र हवं. ते मागायला गेलं की सहकाऱ्यांची सभा भरवून अर्जदाराला देशद्रोही ठरवलं जाई. आईवडिलांची लेखी संमती हवी. कित्येक घरं त्या एका कागदावरून तुटली. अर्ज दिला की नोकरी गेली. मग सहा महिने, वर्ष, दोन वर्षं थांबायचं आणि एक दिवस तोंडी उत्तर मिळायचं: नाही. कारण बहुधा एकच, की तुम्हाला राज्याची गुपितं माहीत आहेत. दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीतली गुपितंसुद्धा त्यात मोडत. नोकरी नसलेल्या माणसाला ‘परजीवी’ ठरवून शिक्षा करण्याचा कायदा होताच. तेव्हा सायबरनेटिक्सचा प्राध्यापक आणि रडारचा अभियंता इमारतीच्या बॉयलरखोलीत कोळसा टाकायचा, लिफ्ट चालवायचा, रात्रपाळीचा पहारेकरी व्हायचा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तर सरकारने उच्चशिक्षितांवर शिक्षणाच्या खर्चाची वसुली लावली, जी कोणाच्या ऐपतीतली नव्हती. परदेशातून ओरड झाल्यावर काही महिन्यांत ती मागे पडली.

या बॉयलरखोल्या आणि स्वयंपाकघरं यांतच धर्म परत आला. आधी आली भाषा. हिब्रूची पाठ्यपुस्तकं मिळत नसत. कुणा पर्यटकाने आणलेलं एखादं पुस्तक पानापानाने कॅमेऱ्यात टिपायचं, न्हाणीघरात छायाचित्रं धुवायची आणि जाड कागदांची ती चळत हातोहात फिरवायची. भाषा शिकवणाऱ्यांत योसेफ बेगून होते. गणितज्ञ. १९७१ मध्ये अर्ज केला आणि नोकरी गेली. ते हिब्रू शिकवू लागले आणि त्यांनी सरकारी खात्याकडे जाऊन सांगितलं की खासगी शिक्षक म्हणून माझी नोंद करा, मी कर भरतो. नोंद नाकारली, आणि मग काम नसलेला परजीवी म्हणून १९७७ मध्ये त्यांना सायबेरियाच्या पूर्व टोकाला हद्दपार केलं. सुटून आले, पुन्हा १९७८ मध्ये शिक्षा. तिसऱ्यांदा १९८२ मध्ये पकडले तेव्हा ‘सोव्हिएतविरोधी प्रचार’ हा आरोप होता. सात वर्षं तुरुंग आणि पाच वर्षं हद्दपारी. वर्णमाला शिकवल्याबद्दल बारा वर्षं. पुढे इस्राएली संसदेचे अध्यक्ष झालेले युली एडेलस्टाइन हेही असेच हिब्रूचे शिक्षक. १९८४ मध्ये त्यांच्या घरातल्या काडेपेटीत अमली पदार्थ ‘सापडले’ आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

भाषेमागोमाग सण आले. सिम्हात तोरा, म्हणजे तोरावाचनाचं वर्षभराचं चक्र पुरं झाल्याचा आनंदोत्सव. साठच्या दशकापासून त्या रात्री मॉस्कोच्या आर्खिपोव्हा रस्त्यावरच्या सिनेगॉगबाहेर हजारो तरुण जमत आणि नाचत. आत म्हातारी माणसं प्रार्थना करत, शेजारी खबरे बसलेले असत, आणि बाहेरच्या बहुतेकांना प्रार्थनेचा एक शब्दही येत नसे. एली वीझेल यांनी १९६५ मध्ये हे दृश्य पाहिलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पाश्चात्त्य ज्यूंना जागं करणारं ते पुस्तक ठरलं. पुढे मॉस्कोबाहेर ओव्राझ्की स्थानकाजवळच्या जंगलात सणांना माणसं जमू लागली, हिब्रू गाणी म्हणू लागली. काही जण याही पुढे गेले. गणितज्ञ एलियाहू एसास स्वतः शिकत शिकत इतरांना तोरा आणि तल्मूद शिकवू लागले. लेनिनग्राडमध्ये यित्झहाक कोगान यांनी धर्मशास्त्रानुसार पशुवध शिकून घेतला, कारण तो जाणणारं कोणी उरलं नव्हतं. प्रौढ पुरुषांनी घराच्या जेवणाच्या टेबलावर, दारं लावून, गुपचूप सुंता करून घेतली. वयाच्या तिशी-पस्तिशीत, शिक्षेची टांगती तलवार असताना हे करायचं, म्हणजे विचार किती पक्का झाला असेल.

इथे माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. ज्यू धर्मात श्रद्धेची कबुली देण्यापेक्षा आज्ञा पाळण्याला अधिक मान आहे. मेणबत्ती लावायची, भाकर मोडायची, अमुक दिवशी काम थांबवायचं. हे असं का, याचं उत्तर नंतर मिळेल, कदाचित मिळणारही नाही. पण दिवस उजाडला की कृती हजर. दडपशाहीच्या काळात या रचनेने माणसांना विलक्षण आधार दिला असं मला वाटतं. चौकशी अधिकारी माणसाच्या विचारांत शंका पेरू शकतो, त्याला एकटं पाडू शकतो, मित्रांनी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली असं सांगू शकतो. अशा वेळी ‘माझी श्रद्धा अढळ आहे का’ हा प्रश्न माणसाला खचवतो. ‘आज शनिवार आहे, मी काम करणार नाही’ या वाक्यात खचण्यासारखं काही नाही. ते साधं आहे, तपासता येण्याजोगं आहे, आणि त्याची मालकी पूर्णपणे त्या कैद्याची आहे.

नातान शरान्स्की यांच्या कहाणीत हे सर्वात ठळक दिसतं. १९४८ चा जन्म, डोनेत्स्कचं गाव, गणित आणि बुद्धिबळ. १९७४ च्या जुलैमध्ये त्यांचा विवाह धार्मिक रीतीने झाला आणि पत्नी अविताल यांच्या व्हिसाची मुदत संपत असल्याने दुसऱ्याच दिवशी त्या इस्राएलला गेल्या. १९७६ मध्ये मानवी हक्कांचं वचन देणाऱ्या हेलसिंकी कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारा गट मॉस्कोत स्थापन झाला, त्यात शरान्स्की होते. १५ मार्च १९७७ ला अटक, १९७८ च्या जुलैमध्ये देशद्रोहाचा खटला, १३ वर्षांची शिक्षा. शेवटच्या निवेदनात त्यांनी न्यायालयाला काही सांगायचं नाकारलं आणि वल्हांडणाच्या भोजनाच्या अखेरीस ज्यू घरांत पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये असण्याची जी आशा बोलली जाते, ती आपल्या पत्नीला आणि आपल्या लोकांना उद्देशून उच्चारली.

अविताल यांनी त्यांना तळहाताएवढं स्तोत्रसंहितेचं पुस्तक दिलं होतं. शरान्स्की तेव्हा धार्मिक नव्हते आणि ती प्राचीन हिब्रू त्यांना नीट वाचताही येत नव्हती. १९८० च्या जानेवारीत वडील वारल्याचं तुरुंगात कळलं. त्या दुःखात त्यांनी सगळी दीडशे स्तोत्रं वाचायची ठरवली. अर्थ न लागणाऱ्या ओळींवरून पुढे जायचं आणि पुन्हा मागे यायचं. पुस्तक काढून घेतलं की ते काम थांबवत, उपास करत, शिक्षेच्या कोठडीत जात. तिथल्या थंडीत आणि अर्ध्या अन्नावर त्यांनी एकूण ४०५ दिवस काढले. चिस्तोपोलच्या तुरुंगात मेंडेलेविच शेजारच्या कोठडीत होते, आणि दोघं शौचालयाच्या नळातून एकमेकांशी बोलत. त्याच तुरुंगात व्लादिमिर पोरेश हे रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्यांच्या कोठडीत होते. दोघं मिळून बायबल वाचत, एक दिवस जुना करार आणि एक दिवस नवा.

१९८० च्या हनुक्काची, म्हणजे आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाची, गोष्ट पुढे सविस्तर आली आहे, तरी थोडक्यात सांगतो. पर्म-३५ छावणीत शरान्स्की एकटेच ज्यू होते. इतर कैद्यांनी, ख्रिस्ती आणि अश्रद्धांनी, त्यांना लाकडाचा दीपवृक्ष करून दिला. सहाव्या रात्री तो जप्त झाला, त्यांनी उपोषण सुरू केलं. वरून तपासणी यायची होती म्हणून छावणीप्रमुखाला प्रकरण मिटवायचं होतं. शेवटी आठव्या रात्री त्याच्याच कचेरीत, त्याच्याच टेबलावर दिवे लागले. शरान्स्कींनी सांगितलं की प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी उभं राहावं, डोकं झाकावं आणि शेवटी आमेन म्हणावं. हिब्रूतून त्यांनी स्वतःची प्रार्थना रचली: एक दिवस हे दिवे यरुशलेममध्ये कुटुंबासह लागोत, आणि आमचे शत्रू आमची प्रार्थना ऐकून आमेन म्हणोत. प्रमुखाने आमेन म्हटलं. १९८६ च्या फेब्रुवारीत कैद्यांच्या अदलाबदलीसाठी नेताना विमानतळावर ते स्तोत्रांचं पुस्तक काढून घेतलं, तेव्हा शरान्स्की बर्फात आडवे पडले आणि पुस्तक मिळेपर्यंत उठले नाहीत. ते मिळालं. ११ फेब्रुवारीला बर्लिनजवळचा ग्लीनिके पूल ओलांडून ते सुटले.

शरान्स्कींच्या प्रकाशझोतात स्त्रिया मागे पडतात, म्हणून ईडा नूडेल यांच्यावरचं प्रकरण मी आवर्जून पुढे आणायला सुचवलं. त्या अर्थशास्त्रज्ञ. कैद्यांची नावं, छावण्यांचे पत्ते, प्रत्येकाचं दुखणं त्यांना पाठ असे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, लोकरी मोजे, पत्रं पाठवणं हे त्यांचं रोजचं काम. छावणीतल्या माणसाला कोणीतरी आपल्याला मोजतंय हे कळणं हेच औषध असतं. १९७८ च्या १ जूनला त्यांनी आपल्या बाल्कनीवर व्हिसा मागणारा फलक लावला. त्याच दिवशी व्लादिमिर आणि मारिया स्लेपाक यांनीही आपल्या बाल्कनीवर लावला. नूडेल यांना चार वर्षांची हद्दपारी झाली, तोम्स्क प्रांतातल्या दलदलीच्या खेड्यात; व्लादिमिर स्लेपाक यांना पाच वर्षांची, मंगोलियाच्या सीमेजवळ. स्लेपाक यांचे वडील जुने बोल्शेविक होते आणि मुलाने अर्ज केल्यावर त्यांनी संबंध तोडले. ही एका घरातली फूट मला सगळ्या राजकीय तहांपेक्षा जास्त सांगून जाते.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ही लढाई एकट्या ज्यूंची नव्हती. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, लिथुआनियातले कॅथलिक, आपल्या भूमीवर परतू पाहणारे क्रिमियन तातार हेही त्याच कलमांखाली त्याच छावण्यांत होते, आणि त्यांच्यामागे जगाची एवढी ताकद उभी नव्हती. अमेरिकेच्या जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीने १९७५ पासून व्यापारी सवलती देशांतराच्या हक्काशी जोडल्या. त्याने ज्यू प्रश्नाला वजन आलं, पण देशांतर कधी वाढलं, कधी आवळलं गेलं: १९७९ मध्ये ५१ हजार, १९८६ मध्ये हजाराच्या आत. शिवाय बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण इस्राएलला न जाता अमेरिकेला गेले आणि धर्माकडे वळले नाहीत. हे या पुस्तकात लपवलेलं नाही, लपवूही नये. श्रद्धा हा सगळ्यांचा मार्ग नव्हता. ज्यांचा होता ते त्यावरून कसे चालले हे इथे लिहिलं आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, त्याचं एक कारण आपल्या वाचनात आहे. १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री करारानंतरच्या काळात प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची सुबक, स्वस्त पुस्तकं आपल्या घरांत आली. आमची पिढी ती वाचत वाढली आणि त्या पुस्तकांवर आम्ही मनापासून प्रेम केलं. ते प्रेम खोटं नव्हतं. त्याच मॉस्कोतली ही दुसरी माणसं मात्र आमच्यापर्यंत आली नाहीत. आणि ज्यू धर्म आपल्याला परका नव्हता. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलच्या बेने इस्राएलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. रब्बी नव्हते, ग्रंथ नव्हते, शेमा ही एक प्रार्थना आणि शनिवार, सुंता, काही उपास एवढं धरून ते शतकानुशतकं टिकले. १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर मराठी अर्थासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या भोजनावेळी वाचायची पोथी, छापली गेली. घाणा बंद ठेवायला, सिनेगॉग बांधायला, पुस्तक छापायला इथे कोणाची परवानगी लागली नाही, आणि १९४८ नंतर इस्राएलला जायचं ठरवलं तेव्हा त्यांना कोणी देशद्रोही म्हटलं नाही. तिथे गेल्यावर रब्बींच्या एका वर्गाने त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली, आणि बेने इस्राएलांनी लढून १९६४ मध्ये संसदेकडून समान दर्जा मान्य करून घेतला. १९८९ नंतर सोव्हिएत युनियनमधून आलेल्या लाखोंपैकी अनेकांनाही आपलं ज्यूपण कागदोपत्री सिद्ध करावं लागलं. अश्दोद, लोद आणि दिमोना या गावांत आज मराठी बोलणारी आणि रशियन बोलणारी ज्यू कुटुंबं शेजारी राहतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. या पुस्तकातले तुरुंगाचे प्रसंग थरारक आहेत आणि ते वाचताना तारखा वगळून पुढे जायचा मोह होईल. तसं करू नका. प्रत्येकाने अर्ज कधी केला आणि तो देशाबाहेर कधी पडला, या दोन तारखा शेजारी ठेवून वाचा. सरकारने त्यांच्यावर मुख्यतः वापरलेलं शस्त्र वाट पाहायला लावणं हेच होतं. स्लेपाक यांनी १९७० मध्ये अर्ज केला आणि ते १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये निघाले. नूडेल १९७१ ते १९८७. बेगून १९७१ ते १९८८. सायबरनेटिक्सचे प्राध्यापक अलेक्सांद्र लेर्नर, तेही १९७१ ते १९८८.